टेकडीतलं शेवटचं घर

गेथिनचं सामान न्यायला दुपारी व्हॅन यायची होती. तोवर टेकडीतलं शेवटचं घर कागदावर आखून संपवायचं होतं.

तो आणि त्याची बायको नेस्ट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. दाराशी त्याची खोकी रचलेली होती. घटस्फोट ठरला होता, वाटण्या झाल्या होत्या. कुत्रा बायकोकडे, गाडी नवऱ्याकडे. राहिलं होतं ते दोघांनी मिळून रचलेलं काल्पनिक जग. खेळ बनवणाऱ्या एका कंपनीने ते विकत घेतलं होतं. त्यातली बुटकी माणसं टेकडीच्या पोटात घरं करून राहायची. माणसं गेथिन रचायचा, घरं नेस्ट काढायची. या शेवटच्या घरात एक म्हातारं जोडपं राहणार होतं.

"चूल इथे," नेस्ट म्हणाली. "धुराडं वर गवतात निघेल."

"म्हणजे मेंढी पडेल त्यात."

"झाकण घालते वर. पुढे बोल."

"खिडकी दक्षिणेला घे. म्हाताऱ्याचे गुडघे दुखतात, ऊन हवं."

"म्हाताऱ्याचे कशाला, तुझेच म्हण ना."

दोघंही हसले. मग नेस्टने पेन्सिल सरकवली आणि घराच्या दुसऱ्या टोकाला एक गोल काढला.

"हे काय?"

"दार."

"दार इकडे आहे की!"

"ते तिचं. हे त्याचं. टेकडी एक, घरं दोन. मध्ये भिंत."

"अगं, अख्ख्या गावात ही दोघंच एकत्र म्हातारी झालीत. मी तसं लिहिलंय."

"तू लिहिलंस. राहायचं तिला आहे. तो दिवसदिवस तोंड उघडत नाही. विचारलं तर म्हणतो, काही नाही. तिने त्या बिळात बसून किती वर्षं भिंतीशी बोलायचं?"

गेथिनने कप उचलला. त्यात चहा नव्हता. त्याने तो खाली ठेवला.

"मला बोलायला जमत नाही, नेस्ट."

"माहीत आहे रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "म्हणून तर दार काढलं."

बाहेर हॉर्न वाजला. गेथिनचा भाऊ आलन व्हॅन घेऊन आला होता. दोघा भावांनी खोकी व्हॅनमध्ये भरली. नेस्ट टेबलावरून उठली नाही. ती मधल्या भिंतीत एकेक दगड भरत होती.

गेथिन कोट घालून परत आत आला. कागदावर वाकला.

"एवढी जाड नको."

"वर टेकडीचा भार आहे."

"भाराला खांब दे. म्हातारी माणसं आहेत, नेस्ट. एकाचा खोकला दुसऱ्याला ऐकू यायला हवा."

तो गेला. व्हॅन उताराला लागल्याचा आवाज आला. नेस्टने दगड खोडले, दोन खांब उभे केले आणि मध्ये फळ्या काढल्या. बोटभर जाडीच्या.