मोजणीची जागा

नारिंगी पाटी आली तरी मनोहरकाका थांबले नाहीत. खांद्यावर बर्फ मोजायची लांब नळी, हातात काठी, आणि चाल अशी की हा माणूस बाहत्तर वर्षांचा आहे हे सांगूनही पटू नये. शरयूनं कॅमेरा बाहेर काढून ठेवला होता. पाटीशेजारी बर्फात नळी खुपसणाऱ्या काकांचा एक फोटो, एवढ्यासाठी ती युनिव्हर्सिटीतून तीन तास ड्राइव्ह करून आली होती.

"काका, मोजणीची जागा मागे राहिली."

"ये गं तू," म्हणत काका चढतच राहिले.

पाटीच्या आसपास बर्फ नव्हताच. ओलं गवत आणि चिखल. एप्रिलची पहिली तारीख, मोजणी दर वर्षी याच दिवशी. दोन हजार सात साल जरा विचित्रच दिसतंय, असं मनाशी म्हणत शरयू मागून निघाली.

मनोहरकाका मूळचे अकोल्याचे. पासष्ट साली जंगलांचा अभ्यास करायला मोंटानात आले आणि या खोऱ्यातल्या शाळेत गणित शिकवत इथलेच होऊन गेले. छत्तीस वर्षं ते या डोंगरावरचा बर्फ मोजून आकडा सरकारी हवामान ऑफिसला कळवत होते, तेही फुकट, निव्वळ हौसेनं. आकडा कधी ढळला नाही. चाळीस इंच, फार तर एखाददुसरा इंच इकडेतिकडे. खालचा ओढा मात्र दर ऑगस्टला आणखी आणखी आटत चालला होता.

बर्फ तेवढाच पडतो, मग पाणी जातं कुठं? या एका प्रश्नापायी शरयूनं पीएच.डी.ची चार वर्षं घातली होती. शेवटी उत्तर सापडलं. पाणी कुठंही जात नाहीये, जमिनीत मुरतंय, खाली साठतंय. गुरुवारी गावच्या सभेत ती हेच सांगणार होती. खोऱ्यात चेरीच्या बागा असलेली साठेक घरं त्या सभेकडे डोळे लावून बसली होती. राहायचं, की बागा विकून निघायचं? शरयू त्यांना सांगणार होती, राहा, बोअर मारा. कराडच्या कॉलेजातून आलेल्या पोरीच्या शब्दावर इथलं एक अख्खं खोरं राहणार, या विचारानं गेला आठवडाभर ती हवेत होती.

पाटीपासून बऱ्याच वर, एका पाइनच्या खोडाला कॉफीच्या डब्याचं झाकण ठोकलेलं होतं. गंजून लाल झालेलं. त्यावर खिळ्यानं मराठी आकडे कोरले होते, १९८४. थोडं वर दुसरं झाकण, १९८८. मग १९९१. झाकणांचा गंज कमी कमी होत गेला, चढ वाढत गेला.

ही कसली झाकणं, असं तिनं विचारलं. दम खात काकांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा नुसता खुलला होता. चौऱ्याऐंशी साली पाटीजवळ बर्फच नव्हता. त्यांनी इमानदारीत शून्य लिहून पाठवलं. ऑफिसातून फोन आला, काहीतरी चुकलंय, बर्फ असेल तिथं नीट मोजा. गणिताच्या मास्तरला चुकलं म्हणायचं म्हणजे काय! उत्तर चुकलं की रीत चुकली, हे ते जन्मभर मुलांना शिकवत आलेले. तेव्हापासून चाळीस इंच लागेपर्यंत ते चढत. जागा सापडली की झाकण ठोकत, आणि पुढच्या वर्षी तिथून पुढं.

शरयू तिथंच एका ओंडक्यावर बसली.

"काका, हे तुम्ही कुणालाच नाही सांगितलं?"

"कुणी विचारलंच नाही गं."

तिनंही नव्हतं विचारलं. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात ती आली होती, पाटी बघितली, पाटीचं लोकेशन आणि काकांचे आकडे कॉम्प्युटर मॉडेलमध्ये टाकले, काकांकडे चहा-पोहे घेतले आणि गेली. जमिनीत काहीच साठलेलं नव्हतं. जे पडलंच नाही ते साठणार कुठून? साठ घरं, आणि गुरुवार चार दिवसांवर.

काका पुढं चालताना बोलतच होते. त्यांनी घरामागं चेरीची दोनशे नवी रोपं लावली होती. शेजारी हसले, म्हणाले, फळ धरायला पाच वर्षं लागतील, तुमचं वय काय! काकांनी त्यांना ठणकावून सांगितलं होतं, आमची शरयू सांगते खाली पाणी आहे, म्हणजे आहे. हे ऐकून तिला रडू फुटलं. काकांना वाटलं, पोरीला चढ झेपत नाहीये. त्यांनी आपली काठी तिच्या हातात दिली.

माथ्यावर वारा होता आणि उघडा खडक होता. एका कपारीच्या सावलीत तेवढा पांढरा ढीग उरलेला. काकांनी नळी खुपसली. ती खण्णकन दगडावर आपटली. त्यांनी नळीवरची खूण बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. नऊ इंच.

त्यांनी खिशातून नवं कोरं झाकण काढलं, हातोडी काढली, आणि ठोकायला झाड शोधू लागले. झाड नव्हतं. झाकण तसंच हातात धरून ते शरयूकडे वळले.

"तू एवढी शिकलेली, तूच सांग आता कुठं मोजू," ते म्हणाले. "याच्या वर डोंगर नाही."