उघडी फाईल

फायलींची नावं बदलणाऱ्या एका प्रोग्रामची माहितीपुस्तिका मी लिहीत होते. ती वाचणार होता एआय एजंट, म्हणून सगळं फोड करून सांगायचं. मी लिहिलं, "फाईल कुणी उघडलेली असेल तर तिचं नाव बदलू नये. ती बंद होईपर्यंत थांबावं."

चाचणीसाठी मी एजंटला आमच्या घरचे फोटो दिले. चारशे फोटोंची नावं त्याने भराभर बदलली आणि एकावर येऊन अडला.

"ही फाईल सुभाष यांनी उघडली आहे. मी थांबतो."

सुभाष म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं. त्यांचा कॉम्प्युटर मीच करोंदच्या भंगारवाल्याला दिला होता.

फोटो माझाच होता. अवधपुरीच्या आमच्या गच्चीवर, दोन वेण्या घातलेली पाच वर्षांची मी.

आई चहा घेऊन आली. कप बाजूला सरकवून मी तिला स्क्रीन दाखवली. म्हटलं, "जबरदस्तीने बंद करता येते फाईल."

"काही नको, मंजू," ती खुर्ची ओढत म्हणाली. "एकेका फोटोला त्यांना वेळ लागायचाच. बघू दे."

आम्ही दोघी स्क्रीनकडे बघत बसलो. दहा मिनिटांनी एजंटने कळवलं, "फाईल बंद झाली. तिचं नाव बदललेलं दिसतं. मी बदललेलं नाही."

आईने चष्मा लावला आणि फाईलचं नवं नाव सावकाश मोठ्याने वाचलं:

"मंजू, चहा गार होतोय."