दुसरी शिंक

"मोबाईलवरचे फोटो आजकाल कुणाचेही बनवता येतात," म्हणत भामाबाईंनी वरुणचा फोन त्याच्याकडे परत सरकवला.

फोटोत त्यांचा धाकटा भाऊ होता. एकनाथ. पस्तीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला. आणि हा मुलगा सकाळी सकाळी नारायणगुड्यातल्या त्यांच्या घराचं दार वाजवून सांगत होता, एकनाथराव गेल्या महिन्यात वारले, मी त्यांचा मुलगा.

"मला काही नक्को, आत्या. बाबा म्हणायचे, माझ्या नावाचं एक पान ताईच्या घरी वाढलं पाहिजे. तेवढंच."

"आत्या नंतर म्हण. आधी गच्चीवर चल."

अर्घ्य दिल्याशिवाय भामाबाई पाणीसुद्धा घेत नसत. आज याच्यामुळे उशीर झाला होता, ऊन चढलं होतं. चढू दे. त्यांना ऊनच हवं होतं. उजेडात आलं की त्यांच्या घरात शिंका यायच्या; वडिलांना, एकनाथला, त्यांना स्वतःला. डॉक्टर म्हणायचे, डोळ्याची आणि नाकाची नस शेजारणी, एकीला हाक मारली की दुसरी ओ देते. रक्तातून उतरतं हे. मोबाईलमध्ये बनवता येत नाही.

अंधाऱ्या जिन्यातून वरुण लख्ख उन्हात आला. भामाबाई त्याच्या नाकाकडे बघत राहिल्या. त्याने डोळे बारीक केले. टाकीवरची कबुतरं बघितली. कपाळाचा घाम पुसला.

बाकी काही नाही.

"अर्घ्य देते," त्या हळूच म्हणाल्या. "मग तू निघ, बाबा."

रोज त्या मान खाली घालून धार सोडत. आज काय झालं कोण जाणे, तांब्या उचलताना मान वर गेली. ऊन थेट डोळ्यांत आलं. शिंक आली. हात हलला, पण तांब्या कलंडायच्या आत वरुणने तो खालून धरला होता.

शिंकेनंतरची शुद्धी म्हणून भामाबाईंनी उजव्या कानाला हात लावला आणि तोच हात तांब्या परत घ्यायला पुढे केला. वरुणने तो सोडला नाही.

"थांबा की," तो सहज म्हणाला. "दुसरी येऊ द्या."

दुसरी आली. एकनाथलाही नेहमी अशा जोडीनेच यायच्या.

भामाबाईंनी पदराने नाक पुसलं. बराच वेळ पुसलं. मग त्याच्या हातातल्या तांब्याकडे पाहिलं. थेंब सांडला नव्हता.

"हात जरा वर घे," त्या म्हणाल्या. "धार तुटू देऊ नकोस."