उत्तर कोण देत नाही?

"यंत्र बंद पडतंय आणि तू एरर मेसेज सजवत बसलीस?" सबनीस सर केतकीवर खेकसले.

केतकीने मान वर केली नाही. नवजात बाळांना ऊब देणारं त्यांचं यंत्र चाचणीत मधेच बंद पडायचं आणि पडद्यावर एवढंच उमटायचं : 'उपकरण उत्तर देत नाही.' कुठलं उपकरण? ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, पंखा, हीटर आणि सेन्सर तिन्हींसाठी हेच शब्द लिहिलेले होते. मग सगळ्यांनी पंख्यावर खापर फोडलं, कारण पंख्याचा कोड लिहिणारा हेरंब स्वभावाने गरीब. तेव्हापासून तो जिन्यात बसून एकटाच डबा खायचा. केतकीला ते बघवत नव्हतं.

तिने एकेक मेसेज शोधून त्याच्या आधी त्या त्या उपकरणाचं नाव घातलं आणि नव्या कर्नलवर यंत्र चालू केलं. ऐन जेवणाच्या वेळी ते बंद पडलं. सगळे पडद्याकडे धावले.

'हीटर : उत्तर देत नाही.'

हीटरचा कोड केतकीचा होता. जिने दोष शोधला तिच्याकडेच बोट कसं दाखवायचं, कुणाला कळेना.

केतकीने मात्र सुटकेचा निःश्वास सोडला. "सापडलं बाई एकदाचं! माझाच घोळ आहे, आजच निस्तरते." मग डबा उचलून जिन्याकडे निघालेल्या हेरंबला ती म्हणाली, "थांब ना. आज भाजी काय आहे?"

हेरंब वळला. त्याने डबा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला.