उधार छाती

"टोपी जरा खाली ओढ," थोरला म्हणाला आणि त्याने आपल्या नावाचा बिल्ला धाकट्या भावाच्या शर्टाला लावला.

पेट्रोल पंपाच्या ऑफिसात तपासणी चालू होती. नर्स बिल्ला वाचायची, नळी हातात द्यायची, तीनदा फुंकायचं. काटा लाल रेघेच्या वर गेला तर माणूस कामावर, खाली राहिला तर घरी. थोरल्याला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. पण घरी बसून तो करणार काय? अठरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या भरण्यापलीकडे त्याला काही येत नव्हतं.

धाकट्याला सगळे भोंगा म्हणत. "मीटर शून्यावर बघून घ्या!" असं तो ओरडला की रस्त्यापलीकडचं कुत्रं दचकून उठायचं. त्याची स्वतःची पाळी उद्या होती, आणि उद्या नर्सही दुसरी येणार होती. बेत पक्का होता.

"जोर बेतानं लाव रे," थोरला म्हणाला. "माझ्या वयाला शोभेल इतकंच फुंक."

भोंगा हसत आत गेला.

थोरला काच पुसायचं फडकं घेऊन खिडकीशी उभा राहिला. त्याच्या मागे जमिनीतल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण होतं. रोज सकाळी ते उघडून लांब काठी आत सोडायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं, हे काम थोरल्याचं. पण वाफ नाकात गेली की त्याची छाती धडधडायची, डोळ्यांपुढे अंधारी यायची. "दादा, तू हो बाजूला," म्हणत गेली सहा वर्षं भोंगाच त्या झाकणावर वाकत होता.

आत भोंग्याने एकदा फुंकलं. दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्या वेळी त्याच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या. नर्सने त्याची छाती तपासली, बराच वेळ ऐकत राहिली.

काय नाटक करतोय पठ्ठ्या, थोरल्याला वाटलं.

भोंगा टोपी हातात घेऊन बाहेर आला.

"काय झालं?"

"रेघेच्या खाली."

थोरल्याने भावाची गचांडी धरली. "गाढवा, बेतानं म्हणजे इतकं? माझ्या पोटावर पाय दिलास!"

भोंग्याने हात सोडवला नाही. "दादा, तिन्ही वेळा होता नव्हता तेवढा जोर लावला. ठोकेही चुकतायत म्हणाली. आजवर दाखवलं का नाहीत म्हणून रागावली मला."

थोरल्याची बोटं सैल पडली. रस्त्यापलीकडे कुत्रं पसरलं होतं. कित्येक महिन्यांत ते एकदाही दचकलं नव्हतं. भोंगा हल्ली मीटरकडे नुसतं बोट दाखवायचा. आळस आला असेल त्याला, असंच थोरला समजून चालला होता.

"मीच तुला तिथं वाकू दिलं," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

भोंग्याने बिल्ला काढून भावाच्या शर्टाला परत लावला. पिन नीट दाबून बसवली.

"दादा," तो हळूच म्हणाला, "उद्या माझ्यासाठी कोण फुंकेल?"