घरचा चढ

लॅपलँडच्या हिवाळ्यात टाइस्तोची हलकी गाडी घराजवळच्या चढावर हटकून अडायची. मग बायको, हिल्का, उतरून बॉनेटवर बसायची. तिच्या भारानं पुढची चाकं बर्फ धरायची आणि गाडी वर चढायची.

आज तो तिला दवाखान्यातून घेऊन येत होता.

"डॉक्टर काय म्हणाले, ते सांगितलंच नाहीस."

"काय म्हणणार? सगळं ठीक आहे. तू रस्त्याकडे बघ."

चढावर चाकं गरगरली.

"उतरा बाईसाहेब! खाल्लेलं लोणी कामाला येऊ दे."

"मेल्या, लाज नाही वाटत?" म्हणत ती बॉनेटवर बसली.

टाइस्तोनं अलगद अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चढ तोच होता, बर्फही नेहमीएवढाच. काचेपलीकडे हिल्काचा जाडजूड कोट दिसत होता, आणि चाकं जागीच गरगरत होती.