दोन पेडलचा सेट

वाघोलीहून हिंजवडीच्या ऑफिसला गाडीने जाताना दोन तास, येताना दोन. वाटेत येरवड्याचा तुरुंग लागतो. आतल्यांना निदान सुटायची तारीख माहीत असते.

म्हणून घरी गेमिंग कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. त्यावर मोकळ्या रस्त्याने एकट्याने गाडी पळवायची, एवढीच हौस. चार महिने पार्ट निवडत होतो. दिव्यांचं कॅबिनेट सोडलं, रॅम निम्मी केली, तरी बजेट पुरेना.

"एवढ्यात क्लचवाला स्टिअरिंग सेट घेतलात, तर ग्राफिक्स कार्ड कागदावर काढून चिकटवा," तापकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला.

"क्लच नकोच हो! तो दाबून दाबून गुडघा गेलाय. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोनच पेडल द्या."

रविवारी सगळं जोडलं. पडद्यावर सहापदरी रस्ता, पुढेमागे एक गाडी नाही. मी सुसाट निघालो. नववीतली लेक शेजारी बसून बघत होती. थोड्या वेळाने तिने टेबलाखाली वाकून पाहिलं.



"बाबा, डावीकडे पेडलच नाहीये. मग हा पाय सारखा कशावर दाबताय?"